जैसलमेर ते मुळशी : एका जात्याचा प्रवास

वाळवंटातून माणसे काय काय आणतात! कोणी बांधणीच्या साड्या आणतात, कोणी मोजड्या आणतात, आणि ज्यांना काहीच सुचत नाही ते पिवळ्या दगडाचा हत्ती आणून शोकेसमध्ये ठेवतात. मी जैसलमेरहून एक जाते आणले. तेही विकत घेतलेले नव्हे, आमच्याच घरचे. काळ्याकुळकुळीत दगडाचे आणि मूळचे मुळशीचे. ही हकीकत ऐकून आमच्या स्टाफरूममधले भूगोलाचे प्राध्यापक चष्मा काढून म्हणाले, "सह्याद्रीचा दगड वाळवंटात न्यायला वेडेपणा लागतो, आणि तो परत आणायला त्याहून मोठा." मी म्हटले, "सर, दोन्ही आमच्याच घरात मुबलक आहेत."

वाचकांपैकी पुष्कळांनी मुळशीचा तलाव पाहिलेला असणार. श्रावणात पुण्याहून गाडी काढावी, पिरंगुट, पौड मागे टाकावे, भाजलेले कणीस खात पाण्याकडे पाहावे, ताम्हिणीत धबधब्याखाली भिजावे आणि रात्री खोकत घरी यावे, हा पुणेकरांचा वार्षिक कुळाचार आहे. मीही तो पाळतो. फरक एवढाच, की त्या पाण्याखाली आमचे घर आहे. असे मी एकदा मित्रमंडळींना सांगितले, तर एकजण चटकन म्हणाला, "म्हणजे लेक-व्ह्यू!" मी हसलो. काय करणार? गोष्टच इतकी जुनी आहे, की तिच्यावर रडणारे कोणी उरलेले नाही.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून वीज काढायची योजना टाटांच्या कंपनीने आखली, आणि १८९४च्या भूसंपादन कायद्याने मावळातली पन्नासवर गावे त्यात जाणार असे ठरले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी बायकापोरांसह कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली, आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्यासाठी तुरुंग पाहिला. लढा तीन-साडेतीन वर्षे चालून मोडला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरे झाले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच त्यांनी याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. पहिलेपणाचा मान आम्हाला मिळाला. जमीन मात्र गेली. त्यातही आमचे पणजोबा पडले कूळ. भात पिकवायचे त्यांनी आणि खंड घ्यायचा सावकाराने. त्यामुळे भरपाईची वेळ आली तेव्हा ती ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या हाती गेली. आमच्या हाती आले ते जाते.

पाणी चढू लागले तेव्हा पणजीने ते घरातून बाहेर काढले. खालची तळी पणजोबांच्या खांद्यावर आणि वरची पणजीच्या डोक्यावर. मागून बारा वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, खुंटा हातात घेऊन. ही हकीकत आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की रामायणातल्या वनवासाला निघतानाच्या प्रसंगात मला लहानपणी एक जाते दिसत असे.

पुढे आजोबा पुण्याला आले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. एका वाड्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड झाले. त्यांना तीन मुले : थोरली आमची आक्का आत्या, मधले माझे वडील, धाकटे नाना. आक्का मुळशीतच दिली. धरणामुळे डोंगराकडे वर सरकलेल्या भाऊबंदांच्या वस्तीशेजारी तिचे सासर. नाना फौजेत ड्रायव्हर झाले. १९७१च्या डिसेंबरात ते जैसलमेरकडे होते. लोंगेवालाच्या लढाईत ते नव्हते. परंतु वाळूत रुतलेले ट्रक कसे काढले हे ते अशा थाटात सांगतात, की लढाई त्यावाचून झालीच नसती. निवृत्तीनंतर त्यांनी तिथेच गॅरेज टाकले. बंडू, माझा चुलतभाऊ, तिथल्या पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे आणि त्याची बायको बाडमेरची. मराठी ती उत्तम बोलते. फक्त सगळे मारवाडी चालीवर.

आता जात्याचे. १९७६ साली नाना बिऱ्हाड घेऊन राजस्थानला निघाले तेव्हा ते जाते त्यांच्या सामानातून गेले. माझ्या वडिलांच्या मते ते नेले गेले. या दोन क्रियापदांच्या मध्ये आमच्या घराची पस्तीस वर्षे गेली. 'जाते थोरल्या घरी राहायचे,' हे वडिलांचे वाक्य. आमच्यात लग्नाआधी जात्याला सुपारी-हळकुंड बांधून त्यावर हळद दळतात. माझ्या लग्नात, २००६ साली, शेजाऱ्यांचे जाते आणावे लागले आणि वडील त्या कार्यापुरते बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्याच सुमारास वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवत होतो. एका मुलीने विचारले, "सर, तुमच्या घरी जाते आहे?" मी म्हटले, "आहे. पण परगावी असते." वडील २०११ साली वारले. नानांना कळवायला उशीर झाला, की त्यांना यायला, याचा निकाल अजून लागलेला नाही. एवढे खरे, की भाऊ भावाशी न बोलताच गेला.

यानंतर व्हॉट्सअॅपचे युग आले. मुंबईच्या भाचरांनी घराण्याचा एक ग्रुप काढला, त्यावर आधी गणपतीचे फोटो, मग गुडमॉर्निंग, मग भांडणे आणि शेवटी एक टूम निघाली : सगळ्या घराण्याने मुळशीच्या काठी तंबू ठोकून तीन दिवस राहायचे. मे महिन्यात पाणी उतरते, घरांची जोती उघडी पडतात, आक्का आत्या अठ्ठ्याऐंशीची झाली, तेव्हा आताच. नानांनी वाचले आणि बंडूकरवी एकच ओळ पाठवली : 'मी येतो. जाते आणतो. विमानात घेत नाहीत, गाडीने येतो.' ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, मे महिना, आणि मध्ये बाराशे किलोमीटरच्या वर रस्ता! बंडूने मला फोन केला, "दादा, तू ये. एकटा मी यांना आवरू शकत नाही." आईला विचारले. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "जा. आणि दगड नीट बांधून आणा, फुटेल."

अशा रीतीने २०२३च्या मेमध्ये मी आणि चिरंजीव जैसलमेरला उतरलो.

जैसलमेरचे वर्णन मी करणार नाही. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेले ते गाव आणि तो किल्ला यांवर दिवाळी अंकांतून पुरेसे सोने उधळले गेले आहे. मला तिथे लक्षात राहिला तो रंग. घरे पिवळी, किल्ला पिवळा, रस्ता पिवळा, दुपारचे आभाळही पिवळसर. त्या पिवळ्या गावात, नानांच्या ओसरीवर, एकच वस्तू काळी होती. मी वाकून हात लावला. दगड गार होता. खुंटा रोहिड्याच्या लाकडाचा, नवा. बाकी सगळे जुने. बंडूची बायको त्यावर अजून अधूनमधून बाजरी भरडते. "आमच्याकडे यालाच घट्टी म्हणतात," ती म्हणाली, "पण ही घट्टी फार जड. मराठा घट्टी!"

नानांनी मला दोन ठिकाणे दाखवली. पहिले कुलधरा, पालिवालांचे उजाड गाव. दीडदोनशे वर्षांपूर्वी सगळे गाव उठून गेले म्हणतात, आणि दिवाणाच्या जुलमाची कथाही सांगतात. भिंती उभ्या आहेत, छपरे नाहीत. दाराशी तिकीट काढावे लागते. नाना बाहेरच काठीवर रेलून उभे राहिले. "तिकीट काढून उजाड गाव बघायचं!" ते म्हणाले. "आपलं फुकट आहे, पण पाणी उतरेल तेव्हाच दिसतं."

दुसरे ठिकाण मोहनगडकडचा कालवा. सतलज-बियासच्या संगमावरच्या हरिके बंधाऱ्यापासून निघालेले पाणी साडेसहाशे किलोमीटर चालून या वाळूत येते. दोन्ही बाजूंना वाळूचे डोंगर आणि मध्ये भरून वाहणारे हिरवट पाणी. डोळ्यांना खरे वाटत नाही. काठावर एक चहावाला म्हातारा भेटला. त्याची हिंदी मारवाडी वळणाची नव्हती. नानांनी खुलासा केला : हा कांगड्याचा. बियासवर पोंग धरण झाले, १९७४ साली पुरे झाले; त्यात गावे गेली आणि त्या पहाडी लोकांना राजस्थानात, या कालव्याच्या मुलखात, जमिनी देऊ केल्या. हिमालयाच्या पायथ्याचा माणूस वाळवंटात! कित्येकजण परत गेले, कित्येकांना जमीन मिळालीच नाही. हा राहिला. त्याने नानांकडे बोट करून मला हसत सांगितले, "ये भी डूबे हुए, हम भी डूबे हुए. इसलिए चाय उधार." चाळीस वर्षे या दोघांची दोस्ती आहे. एकाने डोंगरातले भात सोडले, दुसऱ्याच्या बापाने मावळातले. आणि दोघे वाळूच्या काठी बसून तांदळाच्या वासाबद्दल बोलतात. नानांच्या मते आंबेमोहोराची सर बासमतीला नाही. त्या गृहस्थाला हे मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघालो. पुढे नाना, चालवायला बंडू, मध्ये मी आणि सूनबाई, मागे दोन मुले, आणि त्यांच्या पाठीशी डिकीत, गोधडीत गुंडाळून सुताने आवळलेल्या, जात्याच्या दोन तळ्या. नानांच्या हातात स्टिअरिंग नसले तरी पाय ब्रेकवरच होता. समोर उंट दिसला की ते रिकाम्या जागी पाय दाबत. उजाडताना दोन्ही अंगांना पवनचक्क्या दिसू लागल्या. एक संपली की दुसरी, क्षितिजापर्यंत. बंडू अभिमानाने त्यांची क्षमता सांगत होता. त्याच तारांवर आदळून माळढोक मरतात, आणि ओरणांच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांच्या, जमिनीवरून गावकऱ्यांची भांडणे चालू आहेत, हेही त्याने सांगितले. जरा हळू आवाजात. नाना म्हणाले, "वीज कुणालातरी उठवूनच निघते." बंडू काही बोलला नाही. तोही त्याच घरातला.

बाडमेरला सूनबाईच्या माहेरी न्याहारी. न्याहारी कसली, जेवणच ते : केर-सांगरीची भाजी, बाजरीचा सोगरा, त्यावर तूप आणि तांब्याभर ताक. 'एकच आणखी' असे ती मंडळी इतक्या अजिजीने म्हणतात, की माणसाने पोट आणि शिष्टाचार यांतले एकच काहीतरी सांभाळावे. मी शिष्टाचार सांभाळला.

धोरीमन्ना सोडल्यावर, भर बाराला, टायर फुटले. आणि मग आमच्या ध्यानात आले, की स्टेपनी जात्याखाली आहे! त्या उन्हात, एका खेजडीच्या विरळ सावलीत, आधी सामान, मग सतरंज्या, मग जाते असे सगळे उतरवावे लागले. रस्त्याच्या कडेला ते जाते, त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले नाना आणि टायरशी झटणारे आम्ही. इतक्यात शेळ्यांमागून एक म्हातारी आली. घट्टी पाहून थबकली, वाकली, बोटाने दगडाची धार पाहिली आणि नानांना काहीतरी विचारले. नाना उगीचच आभाळाकडे पाहू लागले. मी सूनबाईला विचारले, "काय म्हणाली?"

"म्हणते, गाव सोडून चाललात का? इकडे घट्टी बाहेर काढली म्हणजे माणूस गाव सोडतो."

नानांनी थोड्या वेळाने तिला मारवाडीत उत्तर दिले. तेही सूनबाईनेच मला सांगितले : "म्हणाले, नाही, परत चाललोय." म्हातारीने मान डोलवली, आमच्या घागरीतले पाणी प्यायली आणि गेली.

सांचोरजवळ नर्मदेचा कालवा ओलांडला. गुजरातभर चालून हे पाणी २००८ साली राजस्थानात पोचले. मी मुलांना सांगितले, की याच्या उगमाशी सरदार सरोवर आहे आणि त्यात आपल्या नंदुरबारकडची मणिबेलीसारखी ३३ गावे गेली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, या रस्त्यावर सगळं पाणी कुणाच्या ना कुणाच्या घरावरूनच येतं का?" मास्तरच्या मुलांना असे प्रश्न पडतात. उत्तर मला येत नव्हते. मी त्याला समोरचा उंट दाखवला.

रात्री अहमदाबादच्या एका लॉजच्या गच्चीवर नाना आणि मी बसलो होतो. दिवसभराच्या उन्हाने फरशी अजून चटके देत होती. नाना अचानक म्हणाले, "तुला एक सांगू? जाते मी मागितले नव्हते."

मी गप्प राहिलो.

"तुझा बापच म्हणाला. दोन खोल्या, त्यात सहा माणसं. एक दिवस चिडून म्हणाला, नाना, हा धोंडा घेऊन जा तुझ्यासंगं, नाहीतर मी मुठेत टाकून येतो. आई रडली. मी उचललं. मग दोन वर्षांनी त्यालाच ते आठवायला लागलं. माणसाला वस्तू गेल्यावर आठवते. पत्रात लिही म्हणाला, मी नेले म्हणून. मी काय लिहू? थोरला भाऊ. त्याच्या शब्दाला खोटं कसं पाडू?"

"पण नाना, पस्तीस वर्षं—"

"पस्तीस वर्षं काय? फौजेत हुकूम म्हणजे हुकूम." असे म्हणून ते झोपायला गेले. मला झोप आली नाही. वडिलांचा चेहरा, माझ्या लग्नातला, मांडवाबाहेर उभा असलेला, डोळ्यांसमोर येत होता. हे आईला सांगायचे, की नाही? बारा वर्षांमागे गेलेल्या माणसाला तिच्यापाशी खोटे पाडायचे कोणी? दुसरा सबंध दिवस मी याच विचारात होतो. त्यामुळे बडोदे, भरूच, सुरत, वापी यांपैकी कशाचेही वर्णन माझ्यापाशी नाही. ट्रक पुष्कळ होते.

पनवेलला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी पेण, नागोठणे, कोलाड. (त्या रस्त्याविषयी लिहायचे तर स्वतंत्र दिवाळी अंक काढावा लागेल.) कोलाडला कुंडलिका नदीत रबरी तराफ्यांतून तरुण मंडळी किंचाळत चालली होती. भर मेमध्ये नदीला एवढे पाणी कुठून? तर ते मुळशीचे. मुळेचे पाणी खरे पुण्याकडे उतरून भीमेवाटे कृष्णेत, पूर्वसमुद्राला जायचे. धरणाने ते अडवले, बोगद्यातून घाटाखाली सुमारे पाचशे मीटर भिऱ्याला पाडले आणि वीज काढून कुंडलिकेत सोडले. भिऱ्याला सकाळी यंत्रे फिरली की इकडे तराफे निघतात. नदी पूर्वेची होती, पश्चिमेची झाली. नाना काठावर उतरले, हातपाय धुतले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. एक तिकीटवाला पोरगा त्यांना म्हणाला, "आजोबा, राफ्टिंग? सीनियरला सूट आहे!"

ताम्हिणी चढलो. मेमधला घाट म्हणजे वाळलेले गवत, करवंदांच्या जाळ्या आणि मधूनच अंजनी-जांभळांचा हिरवा ठिपका. वर आल्यावर वळणावर पाणी दिसले. पावसाळ्यातला तुडुंब तलाव नव्हे. आटलेला, मध्ये निळा पट्टा आणि भोवती मैल मैल तांबूस, भेगाळलेला गाळ. काठाकाठाने कुंपणे, बंगले, 'प्रवेश बंद'च्या पाट्या. तलावाकाठी जमिनीला आता जो भाव आहे तो ऐकला असता तर पणजोबांना सावकाराची दया आली असती.

आक्का आत्याच्या सासरच्या शेतात आमची छावणी पडली होती. भाड्याचे नऊ तंबू, लाल-निळे, एकही सरळ नाही. एकूण ३४ माणसे. तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, मोठ्या पातेल्यात आंबेमोहोराचा भात, धुराने डोळे चोळणाऱ्या मुंबईच्या सुना, आणि मोबाइलला रेंज नाही म्हणून अनाथ झालेली पोरे. गाडी थांबताच सगळे धावले. आई मात्र बसल्या जागी बसली होती. नाना काठी टेकत तिच्यापाशी गेले.

"वहिनी."

आईने वर पाहिले. "भावजी, वाळलात हो," ती म्हणाली. मग गाडीकडे पाहून, "फुटलं नाही ना?"

"नाही."

"चहा घ्या मग."

बारा वर्षे आम्ही ज्या प्रसंगाला भीत होतो तो एवढाच झाला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आत्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार भाचे गाळात उतरले. मागे वरात. आत्या जन्मली ती घर बुडाल्यावर दहा वर्षांनी. पण लहानपणी दर उन्हाळ्यात आजोबा तिला बोटाला धरून इथे आणत. उघड्या पडलेल्या दगडांच्या ओळी होत्या, कुठे चौकोन, कुठे नुसताच कोपरा. आत्याने समोरच्या डोंगराची खिंड पाहिली, हाताची तिरीप धरली आणि म्हणाली, "हितं. हितंच व्हतं. ह्यो उंबरा."

"आक्का, न्हाय," नाना म्हणाले. इतकी वर्षे राजस्थानात काढूनही बहिणीसमोर त्यांची मुळशी उफाळून आली. "ते तिकडं, ईस पावलं. आबा मला तिकडं दाखवायचे."

"तू शेंबडा व्हतास तवा!"

"आन् तू काय तवा कलेक्टर व्हतीस?"

अर्धा तास वाद. दोन जोती, दोन साक्षीदार, तिसरा कोणी जिवंत नाही. मुंबईच्या भाच्याने मोबाइलवर जुना नकाशा शोधायचा प्रयत्न केला, रेंज नव्हती. शेवटी दोन्ही जोत्यांवर हळदकुंकू वाहिले. परतताना आत्या मला कानात म्हणाली, "नान्या खोटं बोलतोय. पर ऱ्हाऊ दे, लांबनं आलाय."

रात्री जाते बाहेर काढले. मधली खीळ बसवली, खुंटा ठोकला. सूनबाईने बाडमेरहून आणलेली बाजरी ओंजळीने टाकली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ती. घरघर सुरू झाली. मी मराठीचा प्राध्यापक. ओव्यांवर दोन शोधनिबंध माझ्या नावावर आहेत. पण माझ्या आईला दळताना मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिले. ओवी वगैरे कोणी म्हटली नाही. आईला दम लागत होता.

थोड्या वेळाने तिने पिठात बोटे घातली, चोळून पाहिली. "भावजी, टाकवून घ्यायचं की कधी. किती जाडं पडतंय."

"तिकडे आता टाकवणारा कुठे मिळतो, वहिनी?"

"हं." ती थांबली. मग कोणाकडेच न बघता म्हणाली, "त्या दोन खोल्यांत हे दाराशीच असायचं. रोज ठेच लागायची मला. चांगलं नख गेलं होतं अंगठ्याचं. मीच यांच्या मागे लागले होते, हा धोंडा घालवा म्हणून."

मी नानांकडे पाहिले. नाना माझ्याकडे पाहत नव्हते.

"मग दादा..." मी म्हटले.

"ते काय बोलणार? बायकोचं ऐकून आईला रडवलं, असं सांगणार होते? भावावर ढकललं, झालं. आणि मी ढकलू दिलं." तिने खुंटा धरला. "घाल गं बाजरी."

जाते पुन्हा फिरू लागले. नानांनी उठून चुलीतले एक लाकूड पुढे सारले. त्याची काही गरज नव्हती.

नंतर मुलांनी ओरडून सगळ्यांना ओढ्याकडे नेले. काजवे नुकतेच सुरू झाले होते. दोनचार झाडांवरच, पण सगळे झाड एकदम पेटायचे आणि एकदम विझायचे. जैसलमेरच्या नातवाने काजवा कधी पाहिला नव्हता. त्याने बापाला विचारले, "याला वीज कोण देतं?" बंडू पवनचक्क्यांचा माणूस, तोही अडला. मग मध्यरात्री वळीव आला. नऊपैकी सहा तंबू उडाले. उरलेल्या तिघांत चौतीस माणसे बसून पहाटेपर्यंत हसत होती. आत्या म्हणाली, आमच्या बापाला पान्यानं उठवलं, तुमी निदान वाऱ्यानं उठा. भाकरी सकाळी झाल्या, जाड्या पिठाच्या. सगळ्यांनी खाल्ल्या. पोटे दुपारी दुखली.

निघायच्या दिवशी जाते कोणाच्या गाडीत, हा प्रश्न होता. नाना म्हणाले, थोरल्या घरी. आई म्हणाली, मला नको, मी म्हातारी, ठेचाळेन. हे 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' बराच वेळ चालले. अखेर असे ठरले, की डिसेंबरात पुण्याला पुतणीचे लग्न आहे, तोवर जाते पुण्यात. पुढे बंडूच्या मुलाचे होईल तेव्हा जैसलमेरला. म्हणजे दहा-बारा वर्षांनी पुन्हा तोच प्रवास! या वेळी स्टेपनी वर ठेवायची, एवढे मात्र मी बंडूकडून कबूल करून घेतले आहे.

लग्नात त्यावर हळद दळली. नाना आगगाडीने आले होते. लग्न झाले, पाहुणे गेले, जाते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत राहिले. टाकी लावणारा एक म्हातारा कारागीर पुष्कळ शोधाअंती मिळाला. आता पीठ बारीक पडते. परवा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "सर, रागावू नका, पण पहाटे पाचला तुमच्याकडे कसला आवाज येतो? प्लंबरला दाखवलं का?"

आईने आतून विचारले, "कोण आहे रे? त्यांना थोडं नाचणीचं पीठ दे."